मदत हवी आहे: ओढा बुजवणाऱ्या गृहप्रकल्पाविरुद्ध दाद कुठे मागायची?

नमस्कार मंडळी. आमचं गाव मुळशी तालुक्यात. गावठाणाला लागून भातखाचरांवर मोठा गृहप्रकल्प येतोय. जमीन विकली याबद्दल तक्रार नाही, विकणारे आमचेच भाऊबंद. पण खाचरांच्या कडेने जाणारा ओढा मुरूम टाकून अर्धा बुजवलाय. मुळशीचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच, ते पाणी आता थेट खालच्या आळीत शिरणार. आणि मे महिन्यात गावच्याच विहिरीला तळ दिसतो, तिथे एवढ्या फ्लॅटना पाणी कुठून आणणार?

ग्रामसभेत विरोधाचा ठराव झाला. उत्तर मिळालं, बांधकाम परवानगी पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) देतं, पंचायतीच्या हातात काही नाही. २०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, पण अशा गृहप्रकल्पांना जनसुनावणी नसते म्हणे. म्हणजे ज्यांच्या घरात पाणी शिरणार त्यांना विचारायचंच नाही! गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावरच्या नकाशात ओढा दाखवलेलाच नाही. जुन्या गाव नकाशात मात्र स्पष्ट आहे.

ओढ्याची तक्रार आधी तहसीलदारांकडे करावी की थेट पीएमआरडीएकडे? पुण्यातल्या हरित लवादात (पर्यावरणाचे खटले चालतात तिथे) जायला सहा महिन्यांची मुदत असते. ती भराव टाकल्यापासून धरतात की परवानगीच्या तारखेपासून? नकाशाची प्रमाणित प्रत भूमी अभिलेखातून काढलीय. असं प्रकरण लढवलेलं कुणी असेल, तर कृपया सांगा. भराव रोज वाढतोय.