गच्चीवरचं सकाळचं हो-हो-हा-हा (रत्नागिरी, सोसायटी ग्रुप)

ए-३०१ : गच्चीवरच्या हास्यक्लबचं ते सकाळी सहाचं हो-हो-हा-हा-हा थांबवता येईल का? रात्रपाळी करून आलेल्या माणसाने झोपायचं कधी?

आबा : अरे, हसाक पैशे लागतत काय तुझे?

सेक्रेटरी : आबा, प्रश्न आवाजाचा आहे.

ए-३०१ : आणि विनोद तरी कुठे असतो? कोणी काही सांगत नाही, नुसतेच हसतात!

सर : विनोद लागतच नाही. डॉ. मदन कटारियांनी १९९५ साली मुंबईत बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब काढला, तेव्हा आधी जोकच सांगायचे. दोनेक आठवड्यांत साठा संपला, मग पांचट सुरू झाले नि लोक वैतागले. म्हणून जोकच काढून टाकले. हसू खोटं आणायचं, समोरच्याचं तोंड बघून खरं येतं.

काकू : पण मग ग्रुपवर दिवसभर जोक येतात त्यांचं काय? मी हसणारा चेहरा टाकते, हसत मात्र नाही 🙂

सर : एकट्याने कोण हसतं काकू? रॉबर्ट प्रोव्हाइन या संशोधकाला आढळलं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो. तेही बहुतेक वेळा साध्याच बोलण्यावर.

काकू : खरंय हो. मागे लाइट गेली तेव्हा सगळे जिन्यात बसलो होतो. वानराने माझी वाळत घातलेली आमसुलं तोंडात कोंबली आणि आंबट लागल्यावर जे तोंड केलं, ते आबांनी करून दाखवलं. माझा पदर तोंडातून निघेना.

बी-१०४ वहिनी : फायदा आहेच. ऑक्सफर्ड विद्यापीठातले संशोधक डनबार यांनी २०११ मध्ये दाखवलं की मनसोक्त हसल्यावर माणूस दुखणं जास्त सोसतो. दंडाला बीपीचा पट्टा आवळून वगैरे बघितलं होतं. पण 'हसा नि शुगरच्या गोळ्या सोडा' असले फॉरवर्ड कृपया नकोत. आबा, तुमचं हर्नियाचं ऑपरेशन ताजं आहे. तुम्ही फक्त टाळ्या वाजवा.

आबा : टाळ्ये वाजवूक मी काय भजनाक येतंय?

सेक्रेटरी : उद्यापासून सात वाजता, मांडवीच्या जेटीवर. गच्चीला कुलूप.

ए-३०१ : धन्यवाद. रविवारी सुट्टी आहे, येईन. हा-हा करणार नाही, नुसता बसेन.

सर : तसेच सगळे येतात पहिल्या दिवशी.