मदत हवी आहे: कुंद्याचे बॉक्स घरी करतोय, छापल्यावर माप कमी भरतं

नमस्कार मंडळी,

आम्ही बेळगावात शहापूरला राहतो. आई घरी कुंदा (आटवलेल्या दुधाची मिठाई) करते, दूध आटवण्यापासून सगळं स्वतः. आजवर तो ओळखीच्या घरी स्टीलच्या डब्यातून जायचा. यंदा दिवाळीला निपाणी, खानापूरहून पाव किलोच्या 40 ऑर्डरी आल्यात. एवढ्याशा बॉक्ससाठी छापखान्यात डाय (बॉक्स कापायचा साचा) करून घेणं परवडत नाही, म्हणून नेटवरून झाकण-डब्याचा पीडीएफ साचा उतरवला, 12 × 8 × 4 सेंमीचा. कार्डशीट 300 जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम, जाडसर), प्रिंटर घरचाच.

साच्यावर 12 सेंमी लिहिलेली बाजू पट्टीने मोजली तर 11.6 भरते. बरं, डबा आणि झाकण दोन्ही सारखेच आखडले, मग झाकण बसायला हवं ना? तेही बसत नाही, कोपरे फाटतात. घडीवर कागद तडकून पांढरी रेघ दिसते ती वेगळीच. आई म्हणते, "किती कागदं वाया घालवालास रे!" तिच्या कुंद्याला शोभेल असा बॉक्स मला द्यायचाच आहे.

आणखी एक. गिऱ्हाईक दोन्ही भाषांतलं, म्हणून नाव मराठी आणि कन्नडमध्ये टाकलंय. वर्डची फाइल झेरॉक्सच्या दुकानात उघडली की कन्नड अक्षरांचे चौकोन होतात.

प्रतिसाद

दादा, प्रिंटच्या खिडकीत 'फिट टू पेज' असणार. तिथं 'ॲक्चुअल साइज' किंवा 100 टक्के करा. साच्याच्या कडेला 10 सेंमीची एक रेघ आखून ठेवा, म्हणजे दर वेळी मोजता येईल.

झाकणाचं कारण निराळं आहे. 300 जीएसएम जाड, त्यात कोपऱ्यात चिकटवायच्या घडीमुळे कागद दुहेरी होतो. झाकण लांबी-रुंदीत 2 मिमी मोठं करा.

घडी घालण्याआधी रिकाम्या बॉलपेनने पट्टी धरून खाच पाडा, कटरने नको. कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकतो, त्याच दिशेला लांब घड्या येऊ द्या. तडा बराच कमी होतो. गडद रंग घडीवर आणूच नका, तिथंच पांढरं उठून दिसतं.

कन्नडसाठी वर्ड नेऊ नका, घरीच पीडीएफ करून न्या. आत बटर पेपर मात्र हवाच, नाहीतर तूप कार्डातून बाहेर येईल, शिवाय छपाईची शाई खाण्याला लागू नये.

अर्धा किलोचा, समजा 14 × 12 × 5 सेंमीचा केलात, तर चारी बाजू उलगडून 24 × 22 सेंमी होतो. ए-फोर 21 सेंमीच रुंद, त्यामुळे तो डिजिटल प्रिंटवाल्याकडे 12 × 18 इंचांवर काढावा लागेल.

धागाकर्ता

आत्ता 100 टक्क्यांवर काढला, बरोबर 12 भरला. झाकण 2 मिमी वाढवल्यावर अलगद बसलं. आईने लगेच त्यात कुंदा भरून बघितला. उद्या बटर पेपर आणतो.