फिनलंडच्या व्हॅम्पायरचं मॉडेल : दांड्या वाकतात, काय करावं?

घाटंजीकर
विज्ञान प्रदर्शनासाठी पोट्टे फिनलंडच्या पहिल्या जेटचं, डी हॅविलँड व्हॅम्पायरचं १:२४ मॉडेल करत आहेत. धड थर्माकोलचं, मागच्या दोन दांड्या बांबूच्या. दांड्या समांतर राहत नाहीत आणि मॉडेल शेपटावर बसतं. परीक्षकांनी दुहेरी शेपटाचं कारण विचारलं तर? चिन्ह निळ्या स्वस्तिकाचं काढलंय, बरोबर ना?

काटेसावर
स्वस्तिक आधी पुसा, भाऊ. ते फिनलंडच्या हवाई दलाचं १९१८ ते १९४५ चं चिन्ह. व्हॅम्पायर आलं १९५३ मध्ये, तेव्हा बाहेरून आत पांढरं-निळं-पांढरं असं वर्तुळ होतं. एकआसनी एफबी-५२ जातीची सहा, त्यांचे क्रमांक व्हीए-१ ते व्हीए-६. दोनआसनी टी-५५ जातीची नऊ, ती १९५५ पासून, व्हीटी-१ ते व्हीटी-९.
दुहेरी शेपटाचं कारण इंजिनात आहे. त्यातल्या सुरुवातीच्या गॉब्लिन जेट इंजिनाचा जोर कमी. जळता वायू लांब नळीतून नेला की त्यातला आणखी जोर वाया जातो. म्हणून नळी आखूड ठेवली, ती धडाच्या टोकाशीच संपते. मग शेपूट धरायला दोन दांड्या लागल्या.

प्लायवाला
ओला बांबू वाळताना ओढतो. वाळलेला, गाठ नसलेला घ्या. सागाची सरळ रेषांची पट्टी त्याहून बरी. प्लायवर पूर्ण मापाचा आराखडा काढा (पंख ४८ सेंमी, लांबी ३९ सेंमी), प्रत्येक दांडीच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोका आणि आडवं शेपूट आधी चिकटवा. रात्रभर हलवू नका. पंखाला जोडायचं नंतर. उलट केलं की शेपूट पिळतंच.
शेपटावर बसतं कारण नाक हलकं. मागच्या चाकांच्या पुढे, नाकाच्या टोकाशी पोकळीत नट भरा. एकेक टाकत जा, नाकाचं चाक टेकलं की थांबा.

घाटंजीकर
नट भरले, टेकलं जी. पण रुपेरी स्प्रे मारला तिथे थर्माकोल विरघळला.

प्लायवाला
स्प्रेमधला थिनर तो खातोच. फेव्हिकॉलमध्ये भिजवलेल्या वर्तमानपत्राचे तीन थर द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या, मग रंग. एक भोकही उघडं राहायला नको.

काटेसावर
वेळ असेल तर धड सावरीच्या लाकडाचं कोरा. खऱ्या विमानाचंही पंख-दांड्या धातूच्या आणि पुढचं धड लाकडी होतं: बर्च प्लायच्या दोन थरांमध्ये बाल्सा हे हलकं लाकूड.