सेनेनमुतच्या छतावरची रिकामी नाव: आकाश की तक्ता?

नक्षत्रवेडा:
इजिप्तमध्ये देर अल-बहरीजवळ सेनेनमुत या अधिकाऱ्याची कबर (क्रमांक टीटी353) आहे. तिच्या छतावर आकाश चितारलंय, त्याच्या दक्षिण भागात गुरू, शनी, बुध, शुक्र आहेत. मंगळ नाही, एक नाव (होडी) मात्र रिकामी आहे. नंतरच्या छतांवर मंगळाला ‘उलटा जाणारा’ असं विशेषण आहे. म्हणजे ही नाव वक्री मंगळाची, आणि ग्रहस्थितीवरून सांगितलं जाणारं इ.स.पू. 1534 हे साल मला पटतं. मृगावरचे तीन मोठे तारे बघा, मागोमाग नावेतून येणारा व्याध बघा. हे आकाशाकडे बघूनच काढलंय.

पंचांगी:
मृग-व्याधाचं मान्य, सालाचं अजिबात नाही. मंगळ साधारण 780 दिवसांनी वक्री होतो आणि दोन-अडीच महिने तसाच राहतो. साठ वर्षांत अठ्ठावीस वेळा! त्यावरून एक साल कसं ठरणार? गुरू-शनी जोडीला घ्यावेच लागतात, आणि तिथेच गाडं अडतं. गुरूची फेरी 12 वर्षांची, शनीची साडेएकोणतीस. तरी गुरू, शनी आणि शेवटी बुध, शुक्र हाच क्रम जवळजवळ दोनशे वर्षांनी फेरो पहिल्या सेतीच्या कबरीत (केव्ही17) पुन्हा दिसतो. खरं आकाश असतं तर क्रम हलला असता. शिवाय सेनेनमुत हा इजिप्तची राणी हत्शेप्सुत हिचा अधिकारी. तिची राजवट साधारण इ.स.पू. 1479 ते 1458. तुमचं साल तिच्याही पन्नास वर्षं आधीचं.

नक्षत्रवेडा:
जुन्या पपायरसवरून उतरवलं असेल तर?

पंचांगी:
मग तो तक्ताच झाला, आणि तक्ता शिळा होतो. तिथेच डेकनांची यादी आहे: 36 तारकासमूह, प्रत्येकाचे उगवतीचे दहा दिवस. (आपल्या ज्योतिषातला द्रेष्काण याच कुळातला, ग्रीकांमार्फत आलेला.) प्राचीन इजिप्तचं वर्ष नेमकं 365 दिवसांचं, लीप दिवस नाही. चार वर्षांत एक दिवस मागे पडतो, चाळीस वर्षांत पुरा एक डेकन. जुनी यादी तशीच उतरवली की तारीख एक आणि उगवणारा तारा भलताच.

नक्षत्रवेडा:
बरं, 1534 सोडलं. पण नाव रिकामी का? नक्कल करताना मंगळ गळला असता तर नावही गळायला हवी होती. कोणीतरी ती मुद्दाम रेखाटली आणि आत कोणाला बसवलं नाही. याचं उत्तर तक्त्यात नाही.