बटण माणसाने दाबलं की भागतं का?

शंकेखोर (धागाकर्ता)
स्वतःच लक्ष्य निवडून मारणाऱ्या शस्त्रांवर जागतिक बंदी हवी, असं माझं मत आहे. २६ सप्टेंबर १९८३ला सोव्हिएत उपग्रह-यंत्रणेने अमेरिकेकडून पाच क्षेपणास्त्रं सुटल्याचा इशारा दिला. ड्यूटीवर होते लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव. त्यांनी वरिष्ठांना 'इशारा खोटा आहे' असं कळवलं. हिशोब साधा होता: अणुयुद्ध सुरू करणारा पाचावर थांबेल कशाला? ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने यंत्रणा फसली होती, हे मागाहून कळलं. अशी शंका संगणकाला येत नाही. मग मारण्याचा अधिकार त्याच्या हाती का द्यायचा?

दशमलव
असहमत. पेत्रोव प्रत्येक चर्चेत येतात, व्हिन्सेन्सचं नाव कुणी काढत नाही. ३ जुलै १९८८ला या अमेरिकन युद्धनौकेने इराण एअरचं ६५५ क्रमांकाचं प्रवासी विमान पाडलं. २९० माणसं गेली. नौकेवरच्या एजिस संगणकात विमान वर चढत असल्याची नोंद होती. पडद्यासमोर बसलेल्यांनी मात्र ते खाली, आपल्याच रोखाने येतंय असं सांगितलं. इराणी बोटींशी चकमक चालू होती, डोक्यात हल्ल्याची भीती होती. मनात होतं तेच पडद्यावर दिसलं. यंत्र बरोबर होतं, चुकला तो माणूस. यंत्र घाबरत नाही, सूडही उगवत नाही. त्याने नागरिकांचे जीव वाचणार असतील तर ते न वापरणं अनैतिक ठरेल.

शंकेखोर
पण तिथे जाब विचारायला कुणीतरी होतं ना? अल्गोरिदम चुकला तर खापर कुणावर फोडायचं? प्रोग्रामरवर, कमांडरवर, की कंपनीवर?

दशमलव
कसला जाब? त्या कप्तानाला पुढे पदक मिळालं. १९९६च्या तडजोडीत अमेरिकेने भरपाई दिली, पण कायदेशीर जबाबदारी काही मान्य केली नाही. माणूस असला की जबाबदारी आपोआप येते, हा भ्रम आहे.

तिरकस
तुम्ही दोघंही 'माणूस की यंत्र' यातच अडकलात. २००३च्या इराक युद्धात अमेरिकेच्या पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेने ब्रिटनचं टॉर्नेडो लढाऊ विमान पाडलं. मित्रसैन्याचं विमान, पण यंत्रणेने ते शत्रूचं क्षेपणास्त्र ठरवलं. विमानातले दोघेही गेले. पॅट्रियटपाशी माणसं होती की! पण विचार करायला वेळ जेमतेम, आणि प्रशिक्षण असं की पडद्यावर विश्वास ठेवायचा.
गाझात कुणाला लक्ष्य करायचं ते सुचवणाऱ्या इस्रायली सैन्याच्या 'लॅव्हेंडर' या संगणक-प्रणालीबद्दल एप्रिल २०२४मध्ये +९७२ मासिकाने वृत्त दिलं की एका लक्ष्याला मान्यता द्यायला अधिकाऱ्याला २० सेकंद पुरत. इस्रायली सैन्याने हे चित्र नाकारलंय. पण वृत्त खरं असेल तर तो माणूस कसला, नंदीबैल! यंत्राने विचारायचं, याने मान डोलवायची.

रिकामटेकडा
सगळं ठीक, पण बंदी राबवणार कोण? भूसुरुंगसुद्धा माणसाला न विचारताच मारतो. त्यावर बंदी घालणारा ओटावा करार १९९७ला झाला. अमेरिका, रशिया, चीन, भारत बाहेरच राहिले. तरी सुरुंग मोजता येतो. सॉफ्टवेअर कसं मोजणार? तोच ड्रोन संपर्क असेपर्यंत माणूस उडवतो, जॅमिंग झालं, म्हणजे शत्रूने सिग्नल अडवला, की शेवटचा टप्पा स्वतः गाठतो. फरक एका अपडेटचा. जिनिव्हात या शस्त्रांवर २०१४पासून बोलणीच चाललीत.

शंकेखोर
डिसेंबर २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या शस्त्रांबाबतच्या ठरावाला १५२ देशांनी पाठिंबा दिला, तो काय उगाच?

रिकामटेकडा
आमसभेचे ठराव बंधनकारक नसतात हो.

तिरकस
बंदी राहू द्या. यंत्राने सुचवलेल्या लक्ष्यांपैकी किती माणसाने फेटाळली, एवढी नोंद ठेवा. हजारातलं एकही नाकारलं गेलं नसेल तर तिथे देखरेख नव्हतीच. नवीन शस्त्र कायद्यात बसतं का हे तपासायचं बंधन जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमध्ये, कलम ३६ मध्ये, आहेच. त्यात ही अट घाला.

दशमलव
अमेरिकेने त्या प्रोटोकॉलला आजवर मान्यता दिलेली नाही. शिवाय नोंद ठेवायची म्हटली की वरून कोटा येईल: रोज अमुक इतकी फेटाळा. मग यादीतून कुणाला वगळायचं तेही आकडाच ठरवणार.

तिरकस
चालेल. निदान त्या कोट्याच्या आदेशावर कुणाची तरी सही असेल.