आजीचा चेहरा जमला, आजी येत नाही

रंगवेडी:
आजीचं पोर्ट्रेट करतेय. तैलरंग, १८ बाय २४ इंच. नाक, डोळे, कुंकू, सगळं फोटोबरहुकूम. पण आई बघून म्हणाली, "ही कुणावर रागावलीय?" आजी कधी रागावली नाही हो! (बोका दुधाला तोंड लावायचा तेव्हा सोडून.) ओठ चार वेळा खरवडले. चुकतंय कुठे?

कोळसेकाका:
ओठ सोड. ओठांच्या कोपऱ्यांची कड किती धारदार ठेवलीस ते बघ. लिओनार्दोने मोनालिसाच्या ओठांचे आणि डोळ्यांचे कोपरे सावलीत विरघळवलेत, म्हणून ती हसतेय की नाही हे ठरतच नाही. आणि खालची पापणी! मनापासून हसताना गाल वर सरकतो, पापणी किंचित फुगते. नुसते ओठ वाकवलेस तर ते हसू उसनं दिसणार.

ओलाकागद:
चित्रकार हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगचित्र म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यांची मुलगीच मॉडेल होती त्यासाठी. चेहरा अगदी शांत, ओढूनताणून भाव नाहीतच. बोटांतून झिरपणारा तांबूस उजेडच सगळं बोलतो. तुमच्या आजीवर उजेड कुठून येतोय?

रंगवेडी:
समोरून. पासपोर्टचा फोटो आहे, फ्लॅश मारलेला. अरे देवा.

कोळसेकाका:
मग बरोबर आहे! पासपोर्टच्या फोटोत सगळेच रागावलेले असतात.

रंगवेडी:
ओसरीवर तांदूळ निवडतानाचा एक जुना फोटो आहे मामाकडे. उजेड डावीकडून, मान खाली. डोळे दिसत नाहीत मात्र. चालेल?

ओलाकागद:
पळेल.