झोपेत नवऱ्याचा श्वास थांबतो, वजनामुळे असेल का?

नेरुळकरीण:
यांचं वय ४२, उंची १७० सेंमी, वजन ८६ किलो. महापेला नोकरी, ठाणे-बेलापूर रोडने बाईकवर जातात. रात्री जोरजोरात घोरतात आणि मध्येच एकदम शांत. श्वासच नाही! मी हलवायला जाते तोवर गुदमरल्यासारखे दचकतात, कूस बदलून पुन्हा झोपतात. कंपनीच्या तपासणीत फॅटी लिव्हर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१, बीपी १४४/९२ निघालं. सासूबाई म्हणतात, खात्यापित्या घरचा आहे, नजर लावू नका. लिव्हर, शुगर की घोरणं, आधी काय दाखवू?

कोपरीकर:
ताई, घोरणं आधी. माझ्या थोरल्या भावाचं असंच होतं. मानेभोवती, जिभेत चरबी साठली की झोपेत घसा मिटतो. ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकवून उठवतो आणि सकाळी माणसाला काहीच आठवत नाही. रात्रभर हेच चाललं तर बीपी वाढणारच. भावाचं तर दोन गोळ्या घेऊनही उतरत नव्हतं. छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, ते स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास तपासायची टेस्ट, लिहून देतील. भावाला सीपॅप मशीन लागलं, मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं. सुरुवातीला झोपेत मास्क काढून टाकायचा, वहिनी उठून परत लावायची.
आजच विचारा, गाडीवर डोळा लागतो का? लागत असेल तर बाईक बंद. नेरुळहून ठाणे लोकल, कोपरखैरणेला उतरून रिक्षा.

वाशी_से९:
पोटाचा घेरही मोजा. पुरुषांत ९० सेंमीच्या वर धोका. आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५ पासूनच लठ्ठपणा धरतात, यांचा जवळपास ३० आहे. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, अजून मागे फिरता येतं. वजन ७ ते १० टक्के उतरलं, म्हणजे यांचं ६ ते साडेआठ किलो, तर लिव्हरची सूजही कमी होते. लिव्हर टॉनिकवर मात्र पैसे घालवू नका, कळकळीने सांगते.

नेरुळकरीण:
विचारलं. तुर्भ्याच्या सिग्नलला पेंग येते म्हणाले! ऐकून हातपाय गार पडले. बाईकची चावी माझ्याकडे घेतली आहे. या टेस्टला ॲडमिट व्हावं लागतं का?

कोपरीकर:
नेहमी नाही. बऱ्याच जणांची घरीच होते, बोटाला, नाकाला आणि छातीला छोटं यंत्र लावून झोपायचं. कुठली करायची ते डॉक्टर ठरवतील. आज रात्री श्वास थांबतो तेव्हाचा मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि त्यांना दाखवा. बीपीचा रिपोर्टही सोबत न्या.